बावखलाकाठचा वर्ग



जून २०२४ मध्ये धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू झाले, तेव्हा सहावीच्या मुलांना आम्ही उत्पत्तीच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय शिकवत होतो. देवाने पशुपक्षी आदामापुढे आणले आणि त्याने प्रत्येकाला नाव दिले, हा तो भाग. धडा संपल्यावर आम्ही सहज म्हणून मुलांना सांगितले, "तुमच्या घराच्या आवारात दिसणाऱ्या दहा पक्ष्यांची नावे लिहा." कागद गोळा केले आणि हसावे की रडावे हे कळेना. कावळा, चिमणी, कबुतर, पोपट इथपर्यंत बहुतेक जण पोहोचले होते. त्यापुढे मोर, शहामृग, पेंग्विन. एकाने तर 'चिकन' असे लिहिले होते.

त्या संध्याकाळी आम्ही शिक्षकांनी तोच कागद स्वतःसाठी घेतला. आमची गाडी आठवर अडली. आमच्या आजीला पक्ष्याचा आवाज ऐकून पाऊस किती लांब आहे ते सांगता येत असे आणि आम्हाला आंब्यावर रोज सकाळी 'टुक टुक' करणारा तांबट ठाऊक नाही! मुलांना हसण्याचा अधिकार आपण गमावला आहे, हे तिथेच लक्षात आले.

यातूनच आपल्या धर्मग्रामात मुलांचे निसर्ग मंडळ सुरू झाले. महिन्यातील दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, मुलांच्या मिस्सानंतर दीड तास. अनेक पालक विचारतात की या मंडळात नेमके काय चालते, आणि धर्मशिक्षणाचा वेळ त्यात का घालवायचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. शिवाय सध्या एक निर्णय आपल्या सर्वांपुढे आहे, त्याबद्दलही बोलायला हवे. म्हणून हा लेख.

प्रथम दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. प्रभू येशूने लोकांना काळजी करू नका असे सांगितले, तेव्हा आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे पाहायला सांगितले (मत्तय ६). आपण हा उतारा अंत्यविधीला वाचतो, लग्नात वाचतो, पण 'पाहा' हा शब्द वरवर घेतो. ईयोबाच्या पुस्तकात तर पशूंना आणि पक्ष्यांना विचारा, ते तुम्हाला शिकवतील, असे म्हटले आहे (१२:७). आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन संघाचे बंधू होते. १५९७ साली नागासाकी येथे ते हुतात्मा झाले. म्हणजे सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण मानणारे असिसीचे संत फ्रान्सिस हे आपल्याला परके नाहीत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये त्यांना पर्यावरणाच्या क्षेत्राचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले, त्याचे नावही संत फ्रान्सिस यांच्या स्तुतिगीतावरूनच घेतले. त्या पत्रात पर्यावरणाच्या शिक्षणावर एक स्वतंत्र भाग आहे. त्यात पोप महोदय प्लॅस्टिक कमी वापरणे, खाऊ शकू तेवढेच शिजवणे, नको असलेले दिवे बंद करणे अशा अगदी घरगुती गोष्टी लिहितात. परमगुरूंना त्या क्षुल्लक वाटल्या नाहीत.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू.

सुरुवातीला आम्हीही सगळे करतात तेच केले. ५ जूनला चित्रकला स्पर्धा ठेवली. चाळीस चित्रे आली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक चित्रांत रडणारी पृथ्वी होती. तिला ताप आला होता, तिच्या काखेत थर्मामीटर होता. चित्रे छान होती, बक्षिसे वाटली, फोटो काढले. पण त्या चित्रांत वसईचे एकही झाड नव्हते. केळ नव्हती, सोनचाफा नव्हता, तिवर नव्हते. जी पृथ्वी मुलांनी कधी हातात घेतली नाही तिच्यासाठी त्यांना आपण रडायला शिकवत होतो. आम्हाला स्पष्ट सांगायचे आहे की ही चूक मुलांची नव्हती. त्यानंतर आम्ही स्पर्धा बंद केल्या. आमच्या मंडळात पहिला-दुसरा क्रमांक नसतो, यावर काही पालक अजून नाराज आहेत. नाराज असू द्या.

मग शिकवायचे कसे? याचा धडा मुंबईतल्या एका जुन्या प्रसंगातून मिळतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दहा-एक वर्षांच्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणती, असे त्याने मामांना विचारले. मामांनी त्याला चिठ्ठी देऊन १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी त्या पोराला हाकलले नाही, की हत्येवर प्रवचनही दिले नाही. त्यांनी पक्ष्याचे नाव सांगितले आणि कपाटांचे खण एकामागून एक उघडून जतन केलेले शेकडो पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे पुढे पक्षितज्ज्ञ म्हणून जगाला ठाऊक झालेले डॉ. सालिम अली. एका मोठ्या माणसाने एका लहान मुलाला थोडा वेळ दिला, त्याचे हे फळ. त्यांनी आपल्या आत्मचरित्राच्या नावातही चिमणीचे पडणे आणले. ते वाचताना आपल्याला मत्तयाच्या दहाव्या अध्यायातल्या चिमण्या आठवल्याशिवाय राहत नाहीत.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतले. चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या डॉ. जेन गुडॉल यांच्या दार-ए-सलाम येथील घराच्या ओसरीवर १९९१ मध्ये बारा विद्यार्थी जमले. आपापल्या भागात काय बिघडले आहे ते त्यांनी बोलून दाखवले. त्यातून 'रूट्स अँड शूट्स' ही मुलांची चळवळ उभी राहिली आणि अनेक देशांत पसरली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गुडॉलबाई वारल्या. त्यांच्या मंडळांची एक रीत आम्ही उचलली आहे. काय करायचे ते मुले ठरवतात आणि मोठी माणसे सोबत राहतात.

मंडळाची साधने सांगायची तर एक दोनशेपानी वही, पेन्सिल, दोरीला बांधलेले भिंग आणि सगळ्यांत मिळून एक दुर्बीण, तीही उसनी. प्रत्येक मुलाने आपल्या आवारातले एक झाड निवडायचे आणि वर्षभर त्याच्याबद्दल लिहायचे. पालवी कधी आली, मोहोर कधी गळला, मुंग्या कुठून चढल्या, कोण येऊन बसले. एका मुलाच्या आवारात झाडच नव्हते, ते चौथ्या मजल्यावर राहतात. त्याने गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी निवडली आणि सर्वांत जास्त त्यालाच सापडले! पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे काहीतरी पानावर चिकटले होते. आईने पुसायला फडके घेतले, इतक्यात ते हलले. ते फुलपाखराचे सुरवंट होते. कोणी खाऊ नये म्हणून लहानपणी ते असे सोंग घेते, मोठे झाले की हिरवे होते. डिवचले की डोक्यामागून लालसर शिंगे बाहेर काढते आणि त्यांचा उग्र वास येतो. कुंडीची पाने संपत आली, तेव्हा शेजारच्या काकूंनी आपल्या झाडाची डहाळी दिली. त्या घरात दोन आठवडे कढीपत्त्याशिवाय फोडणी झाली, असे त्याच्या आईने आम्हाला मिस्सानंतर सांगितले. त्या तक्रार करत होत्या की कौतुक, ते आम्हाला नीट कळले नाही.

चतुरांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. पाऊस ओसरू लागला की चर्चच्या मैदानावर चतुरांचे थवेच्या थवे घिरट्या घालतात. मुले त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. त्यांच्या शेपटीला दोरा बांधून उडवण्याचा खेळ आपण सर्वांनी केला आहे, आता नाही म्हणू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्याच मंडळातल्या दोन मुलांनी तो केला. रागावण्याऐवजी आम्ही सगळ्यांना गोल करून बसवले आणि त्या पिवळसर चतुराची माहिती सांगितली. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना एक प्रश्न पडला होता. या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळपास नाहीत, तरी दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास लाखो चतुर येतात कुठून? बरीच वर्षे नोंदी ठेवून २००९ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. हे चतुर भारतातून निघतात, वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत पोहोचतात. पुढे त्यांची पिल्लावळ पावसामागोमाग फिरत परत इकडे येते. हा सारा फेरा चौदा ते अठरा हजार किलोमीटरचा असावा, असा त्यांचा अंदाज आहे. एकच चतुर हा फेरा पुरा करत नाही, त्याला काही पिढ्या लागतात. अंडी घालायला त्यांना पावसाची तळी आणि डबकी लागतात. पाण्यातली त्यांची पिल्ले डासांच्या अळ्या खातात.

मुले गप्प झाली. मग दोरा बांधणाऱ्यांपैकी एकाने विचारले, "टीचर, माझावाला पोहोचला असेल का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. पण त्यानंतर मैदानावर दोरा दिसला नाही.

डासांचा विषय निघालाच म्हणून सांगतो. 'बावखले, तळी ठेवून काय करायचे, डास होतात' हे वाक्य आपण फार ऐकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुलांनी भिंग घेऊन आपापल्या आळीतली घरे तपासली. डेंग्यू पसरवणारा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पिंप, कुंडीखालची ताटली, टाकून दिलेला टायर. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडे कोरडे करायचे. मुलांना सर्वांत जास्त अळ्या कुठे सापडल्या? आमच्यापैकी एका शिक्षिकेच्या दिवाणखान्यात, मनीप्लांटच्या बाटलीत. मासे आणि चतुर असलेल्या बावखलातून मुलांनी पाच वेळा बाटलीभर पाणी काढले, त्यात एकही अळी मिळाली नाही. पाच बाटल्यांवरून कायमचा निष्कर्ष काढू नये हेही आम्ही त्यांना शिकवले. कचऱ्याने तुंबलेल्या आणि मासे मेलेल्या बावखलात डास होतातच.

आता मुख्य गोष्ट.

आमचा वर्ग जिथे भरतो ते बावखल आपल्याच धर्मग्रामातील एका ज्येष्ठ गृहस्थांच्या वाडीत आहे. मुले त्यांना बाबा म्हणतात. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहोत. दोन पावसाळ्यांत मुलांच्या वहीत तिथल्या नोंदी जमल्या आहेत. खंड्या, पाणकोंबडी, भारद्वाज, वेडा राघू, उंबरावर शिळ घालणारा दयाळ, आणि वंचक. वंचक काठावर बसला की मातीच्या रंगाचा, दिसत नाही, उडाला की एकदम पांढरा शुभ्र. त्याला पहिल्यांदा उडताना पाहून मुले ओरडली होती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर कळले की बाबा हे बावखल बुजवण्याचा विचार करत आहेत. दोन मुलांचे संसार एका घरात मावत नाहीत, जागा हवी आहे. मातीचे डंपर घालणारा माणूस येऊन बघूनही गेला. मंडळातल्या मोठ्या मुलांनी ठरवले की फलक घेऊन वाडीच्या दारात उभे राहायचे. बाबांची नात आमच्याच वर्गात आहे. तिने रडत विचारले, "माझे आजोबा वाईट आहेत का?"

आम्ही मुलांना फलक नेऊ दिले नाहीत. काही पालकांना हे पटले नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईसाठी आपली माणसे रस्त्यावर उतरली होती, तेव्हा तुम्ही तरुण होता, मग आता मुलांना का अडवता, असे एकाने विचारले. पण तो लढा बलाढ्य शक्तींशी होता. इथे समोर एक म्हातारा शेतकरी आहे. त्याने आपले बावखल इतकी वर्षे राखले, आणि त्याच काळात आपण आपली बुजवली. आमच्यापैकी दोघांच्या घरची बावखले केव्हाच गेली, त्यांच्यावर आज आमच्या गाड्या उभ्या राहतात. ज्याने राखले त्याच्याच दारात फलक, आणि ज्यांनी बुजवले ते फलक धरणाऱ्यांचे शिक्षक! हे मुलांना सांगणे सोपे नव्हते, पण सांगितले.

त्याऐवजी मुले आपली वही घेऊन बाबांकडे गेली. बाबा आधी म्हणाले, "पाखरं बघा, पण माझ्या घरात बघू नका." आम्ही उठणार होतो. मग त्यांनी वही मागितली. चष्मा लावून यादी वाचली आणि म्हणाले, "रात्रीची पाखरं कुठे आहेत? तुम्ही दिवसाच येता." त्यांनी आपल्या बोलीतली नावे सांगितली, मुलांनी ती दुसऱ्या रंगाने लिहून घेतली. रहाट कुठे होता, बैल कोणत्या बाजूने फिरे, मातीचे लोटे कसे भरून वर येत, मे महिन्यात पाणी आटले की मासे कसे धरत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला कसे शिकवत, हे सारे त्यांनी दीड तास सांगितले. त्यांच्या नातीने हे त्यापूर्वी कधीच ऐकले नव्हते.

बावखल म्हणजे नुसता खड्डा नव्हे, हे आपण मोठ्यांनीही समजून घ्यायला हवे. आपली वसई समुद्र आणि खाडी यांच्या मध्ये आहे. जमिनीखाली खारे पाणी आत शिरू पाहते आणि पावसाचे मुरलेले गोडे पाणी त्याला थोपवते. गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्यावर तरंगते. मुलांनी हे काचेच्या बरणीत रंगीत मीठपाणी घेऊन करून पाहिले. भूजलशास्त्रातला एक ढोबळ हिशेब असा आहे की किनाऱ्याजवळच्या जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. उलट बाजूने पाहा. वरची पातळी एक हात खाली गेली, की खालून खारे पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढू शकते. बोअरवेलने आपण पाणी उपसत राहिलो आणि ते मुरवणारी बावखले बुजवली, तर विहीर मचूळ व्हायला वेळ लागत नाही. केळीच्या आणि पानवेलीच्या मुळांना हे आपल्या आधी कळते. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरून आगगाड्या बंद पडल्या, ते दिवस कोणी विसरलेले नाही. पावसाच्या पाण्याला थांबायला जागा हवी असते. ती आपण दिली नाही तर ते आपल्या ओटीवर येऊन थांबते.

बाबांना हे सारे आमच्याहून चांगले ठाऊक आहे. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. जाताना त्यांनी तो आम्हाला विचारला, मुलांना नाही. "पाणी सगळ्यांच्या विहिरीत मुरतं, पण गाळ मी एकट्याने काढायचा का? पूर्वी अख्खी आळी यायची." गेली काही वर्षे त्यांच्या गुडघ्यांमुळे गाळ निघालेला नाही, एका कोपऱ्यात जलपर्णी पसरली आहे आणि रात्री कोणीतरी कचऱ्याच्या पिशव्या टाकून जाते. तो कचरा टाकणारे बाहेरगावचे नाहीत, हेही सर्वांना माहीत आहे.

बाबांनी येत्या नाताळपर्यंत काही ठरवणार नाही, असा शब्द दिला आहे. बुजवायचे की ठेवायचे हा निर्णय त्यांचा आणि त्यांच्या मुलांचा राहील, आम्ही त्यात दबाव आणणार नाही. घराच्या जागेसाठी दुसरा काही मार्ग निघतो का, हे पाहायला आपल्यातले एक आर्किटेक्ट त्यांच्या मुलांशी बोलत आहेत. गाळाची जबाबदारी मात्र आपण घेऊ शकतो.

पालकांच्या मनातली भीती आम्हाला ठाऊक आहे. पाण्याजवळ मुले म्हटली की काळीज धडधडते आणि ते योग्यच आहे. म्हणून आमचा नियम असा की दर आठ मुलांमागे दोन प्रौढ, त्यांत एक महिला. पोहता येणारा एक जण काठावर दोर आणि हवा भरलेली ट्यूब घेऊन उभा राहतो. पालकांच्या सहीची चिठ्ठी नसेल तर मूल चर्चच्या आवाराबाहेर नेले जात नाही. एकदा प्रौढ कमी पडले म्हणून आम्ही वर्ग रद्द करून मुलांना घरी पाठवले. प्रौढ कमी पडणे हीच आमची खरी अडचण आहे. मुलांची नावे भरपूर येतात, सोबत यायला मोठे मिळत नाहीत.

मे महिन्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी सहा ते नऊ गाळ काढायचा आहे. ऊन चढायच्या आत आटोपू. पाऊस लागला की पाणकोंबडीची वीण सुरू होते, त्यामुळे काम त्याआधीच व्हायला हवे. पूर्वेकडच्या काठावरची लव्हाळी तशीच ठेवायची आहेत, तिथे कोणी कोयता चालवू नये. काढलेला गाळ वाडीतल्या केळीच्या बुंध्यांना जाईल. उरला तर ज्यांना हवा त्यांनी गोणी आणावी. पाण्यात फक्त मोठ्यांनी उतरायचे, मुले वही घेऊन काठावर बसतील आणि गाळातून काय काय निघते ते लिहून घेतील. घमेली आणि फावडी आपापली आणावीत, नाव घालून, म्हणजे परत नेताना गोंधळ होणार नाही. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे आणू नयेत. चहा बाबांच्या घरून येणार आहे, त्यांच्या सूनबाईंनी तसे सांगितले आहे. किती जणांचा ठेवायचा ते त्यांना आधी कळवायचे असल्याने नावे मिस्सानंतर ग्रोटोजवळच्या टेबलावर द्यावीत.